संकोचाचा व्यापार

१९३४ साली मुंबईच्या न्यायालयात एक फिर्याद चालली. तिच्यातील आरोपी रघुनाथ धोंडो कर्वे हे होते, आणि गुन्हा असा होता की, वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून उघड उत्तरे दिली. प्रश्न हस्तमैथुनाविषयी आणि समलिंगी संबंधांविषयी होते. उत्तरे तत्कालीन शास्त्राच्या आधाराने, कसल्याही अलंकाराशिवाय, गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल अशा कोरड्या भाषेत दिलेली होती. कर्व्यांची वकिली करण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे अश्लील लिहिले असे होत नाही, आणि लोक आपल्या अडचणी विचारीत असतील तर जाणत्याने त्यांना उत्तर देणे गैर कसे, असा त्यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ होता. न्यायालयाला तो पटला नाही व कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. त्यापूर्वीही १९३१ साली एका लेखापायी शंभर रुपये दंड भरून झालेला असल्यामुळे या शिरस्त्याची त्यांना सवय झाली होती असे म्हणावे लागेल, कारण जुलै १९२७ मध्ये सुरू केलेले ते मासिक त्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालू ठेवले.

हा जुना कज्जा आज उकरून काढण्याचे कारण असे की, ज्या प्रश्नापायी कर्व्यांनी दंड भरला तो प्रश्न नव्वद वर्षांनंतरही जिथल्या तिथे आहे. पूर्वी तो टपालाने एका विद्वान संपादकाकडे जाई. आज तो बाजारातल्या तंबूपुढे, इकडेतिकडे पाहत, हळू आवाजात विचारला जातो. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा घाट आणि सागवानी जंगल ओलांडीत सुमारे दीडशे किलोमीटर गेले म्हणजे धारणी लागते. मेळघाटाच्या दोन तालुक्यांपैकी हे एकाचे ठाणे. पलीकडे बऱ्हाणपूर व खंडव्याचा मुलूख, आणि बाजारात कोरकू, हिंदी व वऱ्हाडी अशा तिन्ही बोली एकाच वेळी कानांवर येतात. अशा कोणत्याही बाजारगावाच्या वेशीवर, एस.टी. स्थानकाच्या भिंतीवर, रस्त्याकडेच्या झाडाला ठोकलेल्या पत्र्यावर 'गुप्तरोग', 'कमजोरी', 'शर्तिया इलाज' हे शब्द वाचावयास मिळतात. 'खानदानी' म्हणविणाऱ्या एखाद्या दवाखान्याच्या तंबूत मुळ्यांच्या बरण्या मांडलेल्या असतात, आणि रुग्णाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या रोगाचे निदान तयार असते.

या व्यवहाराची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रथम दोन-चार प्रश्न विचारावयाचे, जे असे असतात की कोणत्याही तरुणाचे उत्तर 'हो' हेच यावे: झोपेत वीर्यपात होतो काय, लहानपणी 'वाईट सवय' होती काय, सकाळी अंग जड वाटते काय. मग चेहरा गंभीर करून सांगावयाचे की, शरीराचा पाया पोखरला गेला आहे, लग्न झाले तर फजिती होईल, आणि मूल तर होणारच नाही. औषधाची पुडी आरंभी स्वस्त असते. पुढे तीत अमुक भस्म तोळ्याच्या हिशेबाने घालावे लागेल असे निघते, आणि तोळ्याचा दर मात्र भस्म खलात पडल्यावर कळतो. ज्याला लुबाडले गेले तो पोलीस ठाण्यात जात नाही, कारण फिर्याद नोंदवावयाची तर आधी आपला रोग नोंदवावा लागतो. चोरी करणाऱ्याला इतकी बिनधोक गिऱ्हाइके दुसऱ्या कोणत्या धंद्यात मिळत असतील असे मला वाटत नाही.

या सगळ्या भीतीच्या मुळाशी 'धात जाते' ही एक समजूत आहे. आपल्या जुन्या वैद्यकाने रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र अशा सात धातूंची परंपरा मांडली आणि शुक्राला तिच्यात शेवटचे व सर्वांत सारभूत स्थान दिले. त्या मांडणीला तिच्या काळाच्या चौकटीत एक संगती होती. परंतु लोकांत पसरले ते एवढेच की, इतक्या थेंब रक्ताचा एक थेंब मज्जा आणि इतक्या थेंब मज्जेचा एक थेंब वीर्य, म्हणून एक थेंब गेला की आयुष्य गेले. हा भ्रम केवळ आपलाच आहे असे मानून कोणी लाजू नये. लोझानचे डॉक्टर सॅम्युएल टिसो यांनी १७५८ साली लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहून हस्तमैथुनाने दृष्टी, स्मृती व बुद्धी नष्ट होतात असे प्रतिपादन केले, आणि युरोपातील शहाण्यासुरत्या डॉक्टरांनी ते पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ खरे मानले. युरोपाने ते ओझे कालांतराने उतरवले. आपल्याकडे मात्र जुन्या वैद्यकाचा अपभ्रंश, साहेबाच्या वैद्यकाचा टाकून दिलेला भाग आणि ब्रह्मचर्याविषयीची राष्ट्रीय प्रवचने या तिन्हींची मोट बांधली जाऊन ती तरुणांच्या डोक्यावर तशीच राहिली. १९६० साली डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञाने या अवस्थेला वैद्यकीय साहित्यात 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. थकवा, छातीत धडधड, भूक मंदावणे, उदासी, आणि हे सर्व वीर्य गेल्यामुळे होत आहे अशी पक्की खात्री, हे तिचे स्वरूप. रोगी खोटे बोलत नसतो. त्याला थकवा खरोखरच आलेला असतो. तो चिंतेचा असतो, कित्येकदा खिन्नतेचा असतो, आणि कधी कधी साध्या रक्तक्षयाचाही असतो. त्याचे कारण मात्र भलतेच सांगितले गेलेले असते.

वस्तुस्थिती काय आहे ती येथे स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. एका वीर्यपातात साधारणपणे दीड ते पाच मिलिलिटर द्रव बाहेर पडतो. त्यातील सुमारे दोन तृतीयांश भाग वीर्यकोशांचा स्राव असतो, उरलेल्यापैकी बहुतेक भाग पौरुषग्रंथीचा म्हणजे प्रोस्टेटचा असतो, आणि प्रत्यक्ष शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा असतो. हा द्रव रक्तातून गाळून निघत नाही. वृषणात शुक्रजंतू तयार होण्याची क्रिया वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत अखंड चालते व एका जंतूला तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. साठवून ठेवल्याने शक्ती वाढत नाही, कारण फार काळ साठवण्याची सोयच शरीराने ठेवलेली नाही: न वापरलेले जंतू शरीरातच जिरून जातात किंवा झोपेत बाहेर पडतात. 'स्वप्नदोष' म्हणतात त्यात दोष असा काही नाही, आणि हस्तमैथुनाने अशक्तपणा, डोळे खोल जाणे, वाकडेपणा किंवा वंध्यत्व येत नाही. लघवी कधी कधी पांढरट होते, ती बहुधा तिच्यातील फॉस्फेट या क्षारामुळे. भरपेट जेवणानंतर असे होते आणि त्या लघवीत थोडे शिरक्याचे थेंब टाकले तर ती स्वच्छ होते, जे वीर्याच्या बाबतीत कधीही होणार नाही. शौचाच्या वेळी जोर केल्याने चिकट थेंब येतो तो ग्रंथींचा नेहमीचा स्राव होय. इंद्रियाच्या आकाराविषयीही एकदा सांगून मोकळे व्हावे: २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, पंधरा हजारांहून अधिक पुरुषांच्या मापांच्या आढाव्यात ताठ अवस्थेतील सरासरी लांबी सुमारे १३ सेंटिमीटर भरली, आणि ती वाढविणारे तेल, लेप वा गोळी अस्तित्वात नाही. चित्रफितींत जे दिसते त्यावरून स्वतःचे माप घेणाऱ्यांची चिंता वाढत जाते, आणि तंबूवाल्याला ती वाढलेलीच हवी असते.

शीघ्रपतनाची तक्रार सर्वांत मोठ्या प्रमाणावर येते, आणि तिच्यावर इलाजही आहे. जेम्स सेमन्स या मूत्ररोगतज्ज्ञाने १९५६ साली वर्णिलेली थांबून पुन्हा सुरू करण्याची पद्धत आजही शिकवली जाते, तिला औषधांची जोड देता येते, आणि नवराबायको दोघे डॉक्टरांपुढे बसले तर गुण लवकर येतो. यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

ताठरता न येण्याची गोष्ट मात्र निराळी, आणि येथे मी वाचकाला अंमळ थांबवू इच्छितो. तंबूवाला ज्याला 'नामर्दी' म्हणतो ती कित्येक वेळा हृदयविकाराची आगाऊ नोटीस असते. इंद्रियाकडे रक्त नेणारी धमनी एक ते दोन मिलिमीटर रुंदीची, तर हृदयाची धमनी तीन ते चार मिलिमीटरची. दोन्हींत मेदाचा थर सारखाच साचत गेला, तर अरुंद नळी आधी तुंबणार हे उघड आहे. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या पुरुषात ही तक्रार छातीत कळ येण्याच्या काही वर्षे आधी उद्भवलेली आढळते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, विडी आणि दारू ही तिची नेहमीची कारणे होत, आणि वऱ्हाडात तंबाखूच्या खर्ऱ्याचे व्यसन कुठवर पोचले आहे हे सांगण्याची गरज नाही. जो गृहस्थ या तक्रारीसाठी साखर व रक्तदाब तपासून घेतो, त्याचे आयुष्य वाचण्याची शक्यता असते. जो शिलाजिताची बाटली घेऊन घरी जातो, तो तपासणीचा मोका गमावतो. तरुणांत बहुधा कारण मानसिक असते व झोपेत किंवा पहाटे ताठरता येत असेल तर शरीराचे यंत्र शाबूत आहे असे समजण्यास हरकत नाही.

१९९८ साली अमेरिकेत मंजूर झालेली सिल्डेनाफिल ही गोळी या विकारावर खरोखर उपयोगी पडते. परंतु हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवावयाच्या नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने ती घेतली, तर रक्तदाब एकाएकी खाली येऊन प्राणावर बेतू शकते. 'निव्वळ जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत हीच गोळी कुटून मिसळलेली निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत वारंवार सापडली आहे. म्हणजे ज्या चूर्णाने गुण येतो त्यात बहुधा मूळ नसून गोळी असते, आणि ती किती आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. येथे एक खुलासा करणे न्यायाचे होईल. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग आहे आणि पदवीधर, नोंदणीकृत वैद्य त्याची चिकित्सा करीत असेल तर माझी काही तक्रार नाही. माझा वाद ज्याने चरकाचे नाव फक्त पाटीवर लिहिले आहे त्याच्याशी आहे.

आता मेळघाटाच्या दृष्टीने अत्यंत जिव्हाळ्याचा आणि ज्यावर जवळजवळ कोणीच बोलत नाही असा मुद्दा. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे, नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याची नोंद १९५८ सालीच प्रसिद्ध केली होती, राज्य शासनाचा नियंत्रण कार्यक्रम आदिवासी पट्ट्यात बरीच वर्षे चालू आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने मध्य प्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. या रोगाच्या दुखण्यांविषयी, पंडुरोगाविषयी, गरोदर स्त्रीच्या तपासणीविषयी पुष्कळ पत्रके निघाली. परंतु सिकलसेल असलेल्या मुलांत व तरुणांत इंद्रिय वेदनेसह तासन् तास ताठ राहण्याचा एक प्रसंग ओढवतो, त्याला वैद्यकात 'प्रायापिझम' म्हणतात, त्याचा उल्लेख गावातल्या पत्रकांत क्वचितच दिसावा. कोयत्याच्या आकाराच्या लाल पेशी तेथील बारीक शिरांत अडकतात, रक्त बाहेर पडेनासे होते, आणि चार तासांहून अधिक वेळ तसाच गेला तर आतील ऊती मरू लागून कायमचे वैगुण्य येते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा अशी गोष्ट पहाटे आईला सांगेल काय? तो चादर ओढून पडून राहील, दुपारपर्यंत वाट पाहील, आणि मग फार तर भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, जाईल. घाटातून अमरावतीला पोचण्यास जे तास लागतात ते त्यानंतर मोजावयाचे. आश्रमशाळेत शिकणाऱ्या प्रत्येक सिकलसेलग्रस्त मुलाला एवढे एक वाक्य आधीच सांगून ठेवलेले असेल की, 'असे झाले तर लाजू नकोस, भरपूर पाणी पी आणि चार तासांच्या आत दवाखान्यात ये', तर ते कोणत्याही टॉनिकपेक्षा अधिक मोलाचे ठरेल. हीच गोष्ट वृषणाला पीळ बसण्याची. बारा ते अठरा या वयात एकाएकी तीव्र कळ व सूज आली, तर साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली पाहिजे. त्यानंतर वृषण वाचण्याची आशा झपाट्याने कमी होत जाते.

परमा, गरमी आणि तत्सम संसर्गरोगांवर कर्व्यांनी १९२३ सालीच 'गुप्त रोगांपासून बचाव' हे पुस्तक लिहिले होते, आणि तेव्हा नसलेली प्रतिजैविके आज फुकट मिळतात. लघवीला जळजळ, पू, इंद्रियावर व्रण, जांघेत गाठ, यांपैकी काहीही असले तर मोठ्या शासकीय रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक' हे त्याचे ठिकाण होय. तेथे लक्षणांनुसार ठरावीक रंगाचा औषधसंच देण्याची पद्धत आहे. मजुरीसाठी महिनोन् महिने बाहेर राहून होळीला घरी परतणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे, आणि औषध एकट्याने न घेता पत्नीलाही द्यावे, नाही तर रोग घरातल्या घरात फिरत राहतो. मूल न होण्याच्या बाबतीत तर अन्याय इतका जुना आहे की त्याची कैफियत नव्याने मांडावयाला नको: जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडेही कारण असते, वीर्याची तपासणी ही सर्वांत सोपी व स्वस्त तपासणी असते, आणि तरीही ती सर्वांत शेवटी होते, तोवर बाईच्या अंगावर चार देवऋषी आणि दोन शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या असतात.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. कायदा भक्कम आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाचे तिसरे कलम संभोगसुखाची क्षमता वाढविण्याचा दावा करणारी जाहिरात करण्यासच मनाई करते, आणि पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'जे' परिशिष्टात जे विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये त्यांची यादी आहे, आणि तीत नपुंसकत्व, शीघ्रपतन व इंद्रियाचा आकार वाढविणे यांचा समावेश आहे. नोंदणी नसताना वैद्यकी करणाऱ्यास महाराष्ट्राचा १९६१ चा अधिनियम तुरुंगात धाडू शकतो, आणि बोगस डॉक्टर शोधण्यासाठी जिल्हा व तालुका पातळीवर समित्याही नेमलेल्या आहेत. इतकी हत्यारे दप्तरात असताना तंबू उभा राहतो, याचा अर्थ तो कोणाच्या नजरेस पडत नाही असा नव्हे. तहसील कचेरीला जाणारा प्रत्येक कारकून ती भिंत रोज वाचतो. कर्व्यांसारख्या खरे सांगणाऱ्यावर सरकारने दोनदा खटले भरले, आणि खोटे सांगणाऱ्यावर भरण्यास त्याला फुरसत झाली नाही, ही आपल्या नीतिमत्तेची हकीकत आहे. यात आम्हा वृत्तपत्रवाल्यांचाही हिस्सा आहे: वरच्या पानावर विज्ञाननिष्ठेचा अग्रलेख आणि आतल्या पानावर चौकटीतली 'ताकदी'ची जाहिरात, असे अंक मराठीत पिढ्यान् पिढ्या निघत आले आहेत.

तथापि केवळ तंबू उखडून प्रश्न मिटणार नाही, कारण तंबू उभा राहतो तो रिकाम्या जागेवर. मेळघाटातील बालमृत्यू १९९३ साली देशाच्या नजरेत आले, तेव्हापासून तेथील साऱ्या आरोग्ययंत्रणेचे लक्ष माता आणि बालक यांवर केंद्रित झाले, आणि ते व्हावयासच हवे होते. परंतु त्याची एक निष्पत्ती अशी झाली की, आरोग्य केंद्राच्या दरवाजातून पुरुष आत येतो तो बायकोला सोडावयाला, किंवा नसबंदीचे उद्दिष्ट असेल तेव्हा. आशा ताई घरोघर फिरते. ती गावची सून असते, तिच्याशी तो हा विषय काढणार नाही व तिनेही काढू नये. बाह्यरुग्ण विभागात तो कसाबसा पोचलाच, तर चार बायांच्या रांगेत उभा राहून एवढेच म्हणतो, "कमजोरी वाटते जी", आणि डॉक्टर, ज्यांच्यापुढे अजून शंभर केसपेपर पडलेले असतात, जीवनसत्त्वाची गोळी लिहून पुढच्याला हाक मारतात. बाहेर तंबूत मात्र त्याला बसावयाला बाक मिळतो, त्याला समजेल अशा हिंदीत कोणी अर्धा तास बोलते, आणि त्याचे दुःख खरे आहे असे सांगते. त्या अर्ध्या तासाचेच तो पैसे देतो, असे मला वाटते.

पोटभर अन्न नसलेल्या मुलखात हे चोचले कशाला, अशी शंका घेणारे भेटतील, आणि शंका दुर्लक्षिण्यासारखी नाही. परंतु सोयाबीनच्या मजुरीतून आलेले पैसे भस्मात गेले तर ते त्याच मुलांच्या ताटातून जातात. आणि ज्या घरी नवरा धास्तीने दारूकडे वळला त्या घरच्या बाळंतिणीची स्थिती काय होते, हे मेळघाटात काम केलेल्या कोणालाही विचारावे. तेथे विश्वासाने बोलणारे डॉक्टर नाहीत असेही नाही. बैरागडसारख्या दुर्गम गावी डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी नाममात्र फीवर आयुष्य वेचले व त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. धारणीजवळ उतावलीच्या कर्मग्रामात डॉ. आशिष व डॉ. कविता सातव यांच्या 'महान' या संस्थेचे रुग्णालय उभे आहे. लोकांचा विश्वास एकदा बसला की ते काहीही विचारतात, हे या मंडळींच्या कामावरून दिसते. मुंबईत डॉ. प्रकाश कोठारी यांनी के.ई.एम. रुग्णालयात लैंगिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग सुरू केला, डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या 'निरामय कामजीवन'ने मराठी वाचकांच्या पिढ्या शहाण्या केल्या, आणि डॉ. महिंदर वत्सा वयाच्या नव्वदीतही एका इंग्रजी दैनिकातून रोज असल्या प्रश्नांना हसतखेळत उत्तरे देत होते. ज्ञान उपलब्ध आहे; ते परतवाड्याचा घाट चढून वर गेलेले नाही, एवढेच.

म्हणून धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयाने बाजाराच्या दिवशी दोन तास एक खोली पुरुषांसाठी राखावी. तिच्या पाटीवर 'गुप्तरोग' हा शब्द नसावा, नुसते 'पुरुष आरोग्य' असावे, म्हणजे रक्तदाब मोजावयाला आलेला आणि दुसरेच काही विचारावयाला आलेला एकाच रांगेत बसतील. तेथे डॉक्टरांबरोबर कोरकू बोलणारा आरोग्यसेवक असावा, साखर व रक्तदाब प्रत्येकाचा तपासावा, आणि किशोरांसाठी शासनाने 'मैत्री' या नावाने जी क्लिनिके काढली आहेत त्यांत मुलगेही येतील अशी तजवीज करावी. आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांनी सिकलसेलचे ते एक वाक्य या सत्रापासूनच सांगावे. बाजाराची जागा देणाऱ्या नगरपंचायतीने तंबूची पावती फाडण्यापूर्वी तंबूवाल्याचा नोंदणीचा दाखला मागावा. त्यासाठी नवा हुकूम नको, पेन पुरे. आणि ज्यांना एवढी वाट पाहणे शक्य नाही त्यांनी मनातील धास्तीसाठी १४४१६ या क्रमांकावर आणि संसर्गाच्या शंकेसाठी १०९७ या क्रमांकावर फोन करावा. दोन्ही क्रमांक शासनाचे आहेत, त्यांना पैसा पडत नाही, आणि १०९७ वर नावही सांगावे लागत नाही.